एका ओळीत सहा गिझर लावायचेत? मग आधी डीबीचं (डिस्ट्रिब्युशन बोर्डाचं) बघा

मुंबईत रूम हीटर कोण लावतंय, पण जिम, लॉज, सलून, हॉस्टेल कुठेही जा, गिझर ओळीने लटकलेले असतात आणि बऱ्याचदा सगळे एकाच जुन्या लाईनवर. काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायचं, पण तो काय करतोय ते आपल्याला कळलं पाहिजे.

समजा ३ किलोवॅटचे ६ गिझर आहेत. ३००० भागिले २३०, म्हणजे एकाला साधारण १३ अँपिअर. सहाही सिंगल फेजवर टाकले तर ७८, म्हणून थ्री फेज घ्यायचं आणि आर, वाय, बी या तीन फेजवर दोन-दोन वाटायचे, की प्रत्येक फेजला २६ येतात. "सगळे एकदम कुठे चालू असतात" हा हिशोब गिझरला लावू नका, सकाळची बॅच सुटली की सगळे शॉवर एकदमच चालू होतात. पूर्ण १८ किलोवॅट धरा, त्यात एसी-लाईटचा लोड मिळवा आणि बिलावरचा सँक्शन्ड लोड (वीज कंपनीने मंजूर केलेला लोड) बघा. कमी असेल तर आधी वाढवून घ्या, मग ते बेस्ट असो, अदानी, टाटा किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण.

प्रत्येक गिझरला डीबीतून वेगळी लाईन, ४ स्क्वेअर एमएम कॉपर, एफआरएलएस (आग लवकर न पसरणारी, धूर कमी करणारी) वायर, आणि स्वतःचा २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच. एका पाईपात सहाही लाईनी कोंबू नका, वायरी गरम होतात आणि त्यांची क्षमता कमी होते. न्यूट्रलही प्रत्येकाचा वेगळा. थ्री फेजमध्ये मेन न्यूट्रल सुटला तर २३० च्या वस्तूंवर चारशेच्या आसपास व्होल्टेज जाऊ शकतं आणि गिझरसोबत काउंटरवरचा कॉम्प्युटरही जातो, त्यामुळे तो स्क्रू स्वतः उभं राहून टाईट करून घ्या.

आता खरी गोष्ट. जळालेले बोर्ड उघडून बघितलेत तर वायर मधे कुठे जळालेली क्वचितच दिसते, काळं पडलेलं असतं ते टोक. ढिला स्क्रू, लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) न लावता नुसत्या पिळलेल्या तारा, १६ अँपिअरचा स्वस्तातला प्लग. त्यात आपली खारी दमट हवा, टर्मिनलला गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून गिझरला प्लग नकोच, डीपी (डबल पोल) स्विचमधून थेट कनेक्शन द्या आणि लग नीट क्रिंप करून (पकडीने दाबून) लावा. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक मार्केटात वायर दोन पैसे स्वस्त मिळाली तर घ्या, आयएसआय मार्क बघून, पण लग-टर्मिनलवर पैसे वाचवू नका.

सगळ्यांना मिळून एकच ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट लीक झाला की सप्लाय तोडणारा स्विच) लावली तर जुन्या एलिमेंटांचं थोडं थोडं लीकेज जमा होऊन ती विनाकारण ट्रिप होते, मग वैतागून कोणीतरी ती बायपासच करून टाकतं, जे जीवावर बेतू शकतं. त्यापेक्षा प्रत्येक लाईनला साध्या एमसीबीच्या जागी आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच), खर्च जास्त आहे पण कोणता गिझर खराब झालाय तेही लगेच कळतं. अर्थिंग पाण्याच्या नळाला जोडणाऱ्या माणसाला सरळ घरी पाठवा.

चालू करण्याआधी मेगर टेस्ट (वायरीचं इन्सुलेशन तपासायची), आरसीबीओचं टेस्ट बटण. मग सगळे गिझर भरून एकदम चालू करायचे आणि टोंग टेस्टरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) प्रत्येक फेज आणि न्यूट्रल मोजून घ्यायचा. फेज साधारण सारखे आणि न्यूट्रल शून्याजवळ आला की वाटणी बरोबर, पण थर्मोस्टॅटने एखादा बंद केला की आकडा हलतोच, घाबरू नका. महिनाभराने मेन बंद करून, सप्लाय गेलाय हे टेस्टरने बघून, सगळे स्क्रू पुन्हा एकदा आवळायला कॉन्ट्रॅक्टरला बोलवा, हे आधीच बिलात लिहून घेतलं तर तो येतो.