बी.ए. इंग्रजी साहित्य : एका सॉनेटवरून वाचायला आणि उत्तर लिहायला शिकताना

सत्र सुरू होण्याआधी एक गणित मांडा. मराठी कादंबरी तासाला 30-35 पानं सहज वाचणाऱ्याची गाडी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबरीत सुरुवातीला 12-15 पानांवर येते. म्हणजे 300 पानांना 20 ते 25 तास. रोज एक तास दिला तरी तीन-साडेतीन आठवडे गेले, आणि सत्रात शिकवण्याचे आठवडे असतात जेमतेम पंधरा. म्हणून कादंबऱ्या सुट्टीत उरकायच्या. सत्र चालू असताना नाटक आणि कविता.

अभ्यासक्रमाची पीडीएफ आपल्या कॉलेजचीच आणि आपल्याच वर्षाची उतरवून घ्या. ठाणे-नवी मुंबईतली काही कॉलेजं स्वायत्त आहेत, त्यांचे अभ्यासक्रम वेगळे असू शकतात. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची रचनाही बदलली. वाशीच्या मैत्रिणीच्या नोट्स ठाण्यात चालतीलच असं नाही आणि तीन वर्षांपूर्वीच्या नोट्स तर बहुधा चालणारच नाहीत.

पुस्तक निवडताना जुन्या साहित्यासाठी तळटीपा असलेली आवृत्ती घ्या. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकूर फुकट मिळतो, पण अवघड शब्दांवरच्या टीपा सहसा नसतात. शेक्सपिअरची नाटकं फोल्जर ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ओळींच्या क्रमांकांसह फुकट वाचता येतात. उद्धरण देताना हेच क्रमांक लागतात. नाटक मात्र मनात वाचू नका. दोघंतिघं बसून मोठ्यानं वाचा, एक अंक झाला की मगच चित्रीकरण बघा. उलट केलंत तर नटाचा आवाज डोक्यात बसतो आणि ओळींकडे लक्षच जात नाही.

कविता ही खरी तालीम. सॉनेट म्हणजे साधारणपणे चौदा ओळींची कविता. शेक्सपिअरची 154 सॉनेटं 1609 मध्ये छापली गेली. त्यातलं अठरावं घ्या, 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्ज डे' (तुझी तुलना उन्हाळ्यातल्या दिवसाशी करू का?) या ओळीनं सुरू होणारं. ओळी चौदाच, त्यामुळे ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये उभ्यानंही ठाण्याहून ऐरोली येईपर्यंत दोनदा वाचून होतात. ते एकूण चारदा वाचायचं, आणि दर वेळी वेगळ्या कामासाठी.

पहिल्यांदा शब्दकोश बंद. कोण कोणाशी बोलतंय आणि 'पण' कुठे येतो, एवढंच शोधा. इथे नवव्या ओळीत 'बट' आहे. पहिल्या आठ ओळी उन्हाळ्याच्या तक्रारी सांगतात, तिथून कविता वळते. सॉनेटमध्ये असं वळण बऱ्याचदा नवव्या ओळीला किंवा शेवटच्या दोन ओळींपाशी सापडतं.

दुसऱ्यांदा शब्द. न कळलेल्या प्रत्येक शब्दासाठी कोश उघडू नका. जास्तीत जास्त पाच निवडा आणि तेही इंग्रजी-इंग्रजी कोशात बघा. फसवतात ते अवघड शब्द नव्हेत, ओळखीचे शब्द. शेक्सपिअरच्या काळात 'प्रेझेंटली' म्हणजे बहुधा 'लगेच', 'वॉन्ट' म्हणजे पुष्कळदा 'उणीव', 'स्टिल' म्हणजे अनेक ठिकाणी 'नेहमी'. दहाव्या ओळीतलं 'ओ' हे क्रियापद 'ऋणी असणं' या अर्थाचं नाही, तिथे त्याचा अर्थ 'मालकीचं असणं' असा आहे. आणि खुद्द 'समर'? ठाण्यातला मे महिना डोळ्यांपुढे आणून वाचाल तर पहिलीच ओळ शिवी वाटेल. इंग्लंडचा उन्हाळा सुखाचा आणि तोकडा असतो. ही हवामानाची माहिती नसेल तर कविता उलटी कळते.

एका बाबतीत मराठी वाचक पुढे आहे. शेक्सपिअरच्या काळातल्या 'दाऊ-दी' आणि 'यू' या सर्वनामांतला फरक आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून सांगावा लागतो, आपल्याला 'तू' आणि 'तुम्ही' रोजचेच. आपण देवाला 'तू' म्हणतो, आईला म्हणतो आणि भांडणात समोरच्याची पायरी दाखवायलाही म्हणतो. 'दाऊ'चेही जवळपास हेच उपयोग होते. नाटकात एखादं पात्र 'यू'वरून 'दाऊ'वर घसरलं की समासात खूण करा, तिथे नातं बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

तिसऱ्यांदा कानानं. इथे मात्र शाळेतली वृत्तं आड येतात. भुजंगप्रयातात आपण लघु-गुरू मोजतो, म्हणजे अक्षर किती लांब. इंग्रजी छंदात मोजायचा तो आघात, अक्षर किती जोरात. आयँबिक पेंटामीटर म्हणजे हलकं-जड अशा पाच जोड्या, दहा अक्षरं. टेबलावर बोटानं ठोका देत म्हणा. ठोका चुकला तर तिथे कवीनं मुद्दाम काही केलंय का, हे आधी बघा. उगाच ओळ ओढून-ताणून बसवू नका.

चौथ्यांदा पेन्सिल घेऊन, एकाच कुटुंबातले शब्द जोडायला. चौथ्या ओळीत उन्हाळ्याची 'लीज' फारच थोड्या मुदतीची आहे. दहाव्या ओळीत 'पझेशन' आहे आणि मालकीचा तो 'ओ'सुद्धा. सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहणाऱ्या नवी मुंबईकराला हे शब्द कोशात बघायची गरज नाही! उन्हाळा इथे भाडेकरू आहे, मुदत संपली की जागा सोडणारा. ज्याच्याशी कवी बोलतोय त्याचं सौंदर्य मात्र मालकीहक्कानं राहणार. तुमच्या उत्तराचा मुद्दा हा.

आता उत्तर. बहुतेक वह्यांत 'कवी प्रेयसीची तुलना उन्हाळ्याशी करतो' असं वाक्य असतं. त्यात दोन चुका आहेत. उन्हाळ्याची तुलना पुरत नाही, असं कविता सांगते. आणि 1 ते 126 क्रमांकांची सॉनेटं सहसा एका तरुणाला उद्देशून मानली जातात, त्यामुळे 'प्रेयसी' हा शब्द अंगलट येतो. गाइडमधून उचललेलं वाक्य परीक्षकाला लगेच ओळखू येतं, कारण तेच त्यानं गठ्ठ्यात कितीतरी वेळा वाचलेलं असतं.

एका परिच्छेदात एकच मुद्दा. पहिल्या वाक्यात दावा, असा की ज्याला कुणी 'कशावरून?' विचारू शकेल. मग एक-दोन ओळींचं उद्धरण, त्याहून मोठं नको. मग उद्धरणाच्या निदान दुप्पट स्पष्टीकरण, तेही त्यातल्या नेमक्या शब्दाबद्दल. उद्धरण चिकटवून पुढे निघून जाणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. कवीचं चरित्र आणि 'महान' हे विशेषण यांना गुण नाहीत. कथानक परीक्षकाला माहीत असतं, ते दोन वाक्यांपलीकडे सांगू नका. 800 शब्दांच्या निबंधात असे पाच परिच्छेद आणि छोटी प्रस्तावना मावते. प्रस्तावना शेवटी लिहा. आधी लिहिलीत तर ती 'साहित्य हा समाजाचा आरसा' इथूनच सुरू होईल.

लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि तीनदा तपासा, दर वेळी एकच गोष्ट. आधी काळ: साहित्यकृतीत काय घडतं ते इंग्रजीत वर्तमानकाळात लिहितात. मराठीत आपण गोष्ट भूतकाळात सांगतो, त्यामुळे तिसऱ्या वाक्यापासून 'सेज'चं 'सेड' होतं. मग तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला लागणारा 'एस'. शेवटी 'अ' आणि 'द'. मराठीत हे प्रकरणच नसल्यानं डोळा ते गाळून जातो. म्हणून शेवटच्या वाक्याकडून सुरू करून उलटं वाचत या आणि प्रत्येक नामाला विचारा: कुठलंही एक, की आधी सांगितलेलं तेच?