फवारणीआधी खताचा हिशेब बघा

पुण्याजवळच्या मावळ, मुळशीकडच्या पॉलिहाऊसमध्ये सध्या व्हॅलेंटाइनच्या गुलाबाची धांदल आहे. छाटणीनंतरचे फुटवे भराभर लांबावेत म्हणून या दिवसांत खताचा हात सैल सुटतो. मावाही नेमका याच कोवळ्या फुटीवर येतो, आणि मग सगळे धावतात औषधाच्या दुकानात.

नत्र जास्त झालं की शेंड्याच्या रसात अमिनो आम्लं वाढतात. रस शोषणाऱ्या किडीला तेच हवं असतं. माव्याची मादी नराशिवायच पिल्लं घालते. खुराक चांगला मिळाला की आणखी जास्त. शिवाय पानं लुसलुशीत आणि दाट होतात, फवारा पानाखाली पोचतच नाही. पोटॅश कमी पडलं तरी रसात अमिनो आम्लं साचतात. शेवंतीत जादा नत्रावर फुलकिडे आणि नागअळीही वाढतात.

गोम अशी की नत्र म्हटलं की आपल्याला फक्त 19:19:19 खत आठवतं (हे आकडे म्हणजे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पोटॅशचे टक्के). एक किलो कॅल्शियम नायट्रेटमधून साधारण 155 ग्रॅम नत्र जातं. 'पोटॅश' म्हणून सोडतो त्या 13:00:45 च्या किलोतून आणखी 130 ग्रॅम. वर स्लरी किंवा कोंबडी खत असेल तर तेही धरा. ईसी मीटर यात काही सांगत नाही, तो फक्त एकूण क्षार दाखवतो.

कळी वाटाण्याएवढी झाली की 19:19:19 आवरतं घ्या आणि पोटॅशचा काही भाग 00:00:50 मधून द्या. ते कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत मात्र मिसळू नका. साका बसून ड्रिपर तुंबतात. नत्र एकदम तोडणंही चूकच. दांडा बारीक राहिला तर पुण्याच्या गुलटेकडी बाजारात भाव मिळत नाही, आणि पाण्याचा ताण बसला तर लाल कोळी ही कीड आहेच. माती-पानांचा अहवाल बघून नत्र हळूहळू उतरवा.

पाहणी करताना कळीच्या देठाशी आणि शेंड्याच्या पानामागे बघा. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की फुलकिडे पळताना दिसतात. चिकट सापळ्यावरचा आकडा लिहाल त्याच वहीत खताची तारीखही टाका.

मावा आधीच बसला असेल तर नुसतं खत कमी करून तो जाणार नाही, फवारणी करावीच लागेल. माल निर्यातीचा असेल तर कोणतं औषध चालतं ते आधी खरेदीदाराला विचारा.