चर्चच्या नावामागचा संत: आरंभीच्या ख्रिस्ती इतिहासाचा अभ्यास सुरू करताना

आरंभीच्या ख्रिस्ती धर्मातील संतांची उपासना हा विषय मी पदव्युत्तर अभ्यासासाठी निवडला, तेव्हा सर्वांत आधी रोम आणि मिलान येथील जुन्या चर्चेसची एक लांबलचक यादी तयार केली: प्रत्येकासमोर संताचे नाव आणि बांधकामाचे शतक. मार्गदर्शकांनी ती पाहून एवढेच विचारले की, हे नाव त्या वास्तूला सर्वांत आधी कोणत्या लिखाणात दिलेले आढळते. माझ्याकडे एकाही नावाचे उत्तर नव्हते. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांनी तो प्रश्न पहिल्या दिवसापासून सोबत ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

रोममधले आजचे सान व्हिताले हे चर्च घ्या. पाचव्या शतकाच्या आरंभी, पोप पहिले इनोसंट यांच्या काळात, व्हेस्तिना नावाच्या श्रीमंत स्त्रीच्या दानातून ते उभे राहिले आणि गेर्वासियस व प्रोटासियस या दोन रक्तसाक्ष्यांना (श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांना) वाहिले गेले. 499 च्या रोममधील धर्मसभेत सह्या करणारे तेथील धर्मगुरू मात्र आपल्या चर्चला दात्रीच्या नावानेच ओळखतात, आणि 595 च्या सभेच्या यादीत तेच चर्च संत व्हितालिसचे झालेले असते. दान देणारी व्यक्ती, अर्पणविधीत (चर्च देवाला वाहण्याच्या विधीत) ज्यांचे नाव घेतले गेले ते संत आणि पुढे रूढ झालेले नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या यादीत त्या एकाच रकान्यात कोंबल्या गेल्या होत्या.

अर्पणविधीला अवशेष, म्हणजे संतांच्या अस्थी, लागतच, हाही माझा गैरसमज होता. सोर (आजच्या लेबनॉनमधील टायर) येथील नव्या चर्चच्या अर्पणप्रसंगी, साधारण 315 च्या सुमारास, चर्चचा इतिहासकार बिशप युसेबियसने केलेले दीर्घ भाषण उपलब्ध आहे. त्यात वास्तूचे बारकाईने वर्णन आहे, पण कोणा संताच्या अस्थी वेदीखाली ठेवल्याचा उल्लेख नाही. रक्तसाक्ष्यांचा आदर त्याहून जुना होता. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याच्या अस्थी रत्नांहून मौल्यवान मानून जपल्याचे आणि त्याच्या मरणाचा दिवस 'जन्मदिवस' म्हणून पाळण्याचे दुसऱ्या शतकातील वर्णन आहे. मात्र तो आदर कबरीपाशी, म्हणजे बहुधा नगराबाहेर, व्यक्त होत असे.

चर्चचे अर्पण आणि रक्तसाक्ष्यांचा आदर हे दोन प्रवाह एकत्र येताना पाहायचे असतील, तर मिलानचा बिशप अँब्रोज याने बहीण मार्सेलिना हिला 386 मध्ये लिहिलेले पत्र सावकाश वाचावे. मिलानमधील नव्या बॅसिलिकाचे (मोठ्या चर्चचे) अर्पण पूर्वीच्या एका चर्चप्रमाणेच करा, असा लोकांनी आग्रह धरला; रक्तसाक्ष्यांचे अवशेष सापडले तर करीन, असे त्याने उत्तर दिले. नाबोर व फेलिक्स या रक्तसाक्ष्यांच्या समाधिस्थानी उत्खनन झाले, गेर्वासियस व प्रोटासियस यांच्या अस्थी मिळाल्या आणि रात्रभर जागरण करून दुसऱ्या दिवशी त्या मिरवणुकीने नव्या बॅसिलिकात आणल्या गेल्या. वेदीखालची जागा अँब्रोजने स्वतःच्या दफनासाठी राखली होती. तिचा उजवा भाग त्याने रक्तसाक्ष्यांना दिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सम्राटांच्या कायद्याने पुरलेले देह हलवण्यास व रक्तसाक्ष्यांच्या अवशेषांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली होती, हे ध्यानात घेतले की त्या कृतीतले धाडस कळते.

याच पत्रात आणखी एक मोलाचा तपशील आहे. अँब्रोज जिवंत असतानाच लोक त्या वास्तूला 'अँब्रोजची' म्हणत होते. 397 मध्ये तो वारला, तेथेच पुरला गेला आणि पुढे स्वतः संत मानला गेला. त्यामुळे आजचे सांत अंब्रोजो हे नाव संताचे वाटते. आरंभी ते बांधणाऱ्याचे होते.

भाषेविषयीही सावध राहावे. 'संत' म्हटले की आपल्या मनात ज्ञानोबा-तुकोबा उभे राहतात, तर लॅटिनमधील सांक्तुस हा शब्द आरंभी केवळ पवित्रतेचे विशेषण आहे. 'साक्षीदार' हा मूळ ग्रीक अर्थ जपणारा 'रक्तसाक्षी' हा आपल्याकडील ख्रिस्ती मराठीतला शब्द मला 'हुतात्मा' या शब्दापेक्षा अचूक वाटतो. 'संताला वाहिलेले चर्च' असे लिहितानाही थांबावे, कारण वेदी रक्तसाक्ष्याची नसून देवाचीच असते, असे त्या काळातला बिशप व धर्मचिंतक ऑगस्टीन ठामपणे सांगतो.

माझ्या नव्या यादीत आता पाच रकाने आहेत: दाता, अर्पणविधीची तारीख, अवशेष, नाव आणि त्या नावाचा पहिला लेखी पुरावा. बरेच रकाने रिकामे आहेत, आणि ते मी अंदाजाने भरत नाही.