चौथीच्या मुलांना हत्ती-चिचुंद्री कशी सांगावी

सांगलीकडच्या मुलांना चिचुंद्री ठाऊक असते: पोत्यांमागून चिकचिक करत भिंतीच्या कडेनं पळणारी, उग्र वासाची. गोष्ट तिथूनच सुरू करा. मग सांगा, आफ्रिकेतली हत्ती-चिचुंद्री ना उंदीर आहे, ना चिचुंद्री. सोंडेसारख्या वळवळत्या नाकामुळं हे नाव पडलं. पुढं १९९० च्या दशकात डीएनएच्या अभ्यासातून कळलं, की ती खरोखरच हत्तीच्या गोतावळ्यातली आहे. आपली चिचुंद्री मात्र हत्तीपेक्षा वटवाघळाला जवळची. 'लांब नाक, म्हणून हत्तीची नातेवाईक' असं मुलं हमखास म्हणतात. नाकाचा नात्याशी संबंध नाही, हे तिथल्या तिथं स्पष्ट करा.

आता बाहुली. तान्ह्या बाळाचा मोजा घ्या. पुढची तीन सेंटीमीटर जागा रिकामी ठेवून तिथं दोरा सैल गुंडाळा. ते झालं नाक. मागं ६० ग्रॅम तांदूळ भरून तोंड शिवून टाका. केनिया-टांझानियातल्या तांबूस हत्ती-चिचुंद्रीचं वजन साधारण एवढंच असतं. प्रत्येक मुलाच्या तळहातावर बाहुली ठेवा, घाई करू नका. तांदूळ नाकात उतरला तर नाक ताठ होतं आणि सगळी गंमत जाते.

खरा जीव आहे तो वाटेच्या खेळात. ही तांबूस हत्ती-चिचुंद्री झुडपांखाली स्वतःच्या पायवाटा राखते. पुढच्या पायांनी पाला-काड्या बाजूला सारते, कारण साप किंवा ससाणा आला की त्याच वाटेनं सुसाट पळायचं असतं. नर-मादीची जोडी एकाच हद्दीत राहते. झाडलोट जास्त करतो नर.

शाळेच्या अंगणात, मातीवरच, चार बोटं रुंद आणि तीन मीटर लांब नागमोडी वाट झाडून घ्या. फरशीवर बाहुली कशीही घसरते, फरक कळत नाही. दोन्ही बाजूंना आंब्याचा वाळका पाला पसरा. उसाचं पाचट हाताशी असलं तरी नको. त्याच्या कडा बोटं कापतात. नाकामागं सुतळी बांधून एकानं बाहुली वाटेनं ओढावी, बाकीच्यांनी आकडे मोजावेत. मग वाटेवर काड्या आडव्या टाका. नुसता पाला बाहुलीबरोबर फरफटत येतो. अडते ती काडीलाच. पुन्हा ओढा, पुन्हा मोजा.

आता वाट मुलांनाच साफ करू द्या: झाडू न घेता, तळहातानं डावी-उजवीकडं सारत, ती करते तशी.