दुसऱ्याच सेशनला सगळं सांगून गेलेल्या बाई

मानसोपचार शिकत असताना मिळालेल्या माझ्या पहिल्या काही क्लायंटपैकी एक बाई दुसऱ्याच सेशनला सगळं सांगून मोकळ्या झाल्या. लहानपणी घरात काय घडलं, कोणी केलं, किती वर्षं चाललं, आईला कळल्यावर ती काय म्हणाली, सगळं क्रमवार आणि जवळजवळ न रडता. पन्नास मिनिटं संपली तेव्हा मला वाटलं, केवढा विश्वास बसला यांचा आपल्यावर! सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी थेरपिस्टकडे आपलं काम तपासून घ्यायला, जाताना मी अक्षरशः तरंगत होते.

सुपरवायझरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज कसा होता?" सपाट होता. दुसऱ्या कुणाची हकिगत वाचून दाखवावी तसा. "मग त्या तिथे नव्हत्याच," बाई म्हणाल्या. "आणि घरी गेल्यावर त्यांचं काय झालं असेल?" मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या क्लायंट आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला की सध्या जमणार नाही. पुन्हा त्या कधीच दिसल्या नाहीत.

(इथे आणि पुढे जे क्लायंट येतील ते तपशील बदलून, दोन-तीन माणसं एकात मिसळून आलेले आहेत. तुम्हीही केस लिहाल तेव्हा असंच करा. नुसतं नाव बदलून भागत नाही.)

मानसोपचाराचं शिक्षण नुकतंच सुरू केलेल्या आणि "मला ट्रॉमावर (मनावर खोल जखम करणाऱ्या अनुभवांवर) काम करायचंय" असं उत्साहाने सांगणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिते आहे. माझी तक्रार त्यांच्या उत्साहाबद्दल नाही, घाईबद्दल आहे. ती माझ्यातही होती, आणि तिची किंमत मी नाही, त्या बाईंनी मोजली.

ही घाई आपल्याला आपल्या शास्त्राच्या इतिहासातूनच मिळालेली आहे. गाडलेली आठवण वर आणली, तिच्याबरोबर अडकलेली भावना मोकळी झाली, की लक्षण जातं, अशी ब्रॉयर आणि फ्रॉइड यांची 1895 च्या सुमाराची मांडणी होती. 1896 मध्ये फ्रॉइडने हिस्टेरियाच्या (शारीरिक कारण नसताना दिसणाऱ्या लक्षणांच्या) मुळाशी बालपणीचे लैंगिक अत्याचार असतात असं जाहीरपणे म्हटलं, आणि 1897 मध्ये त्या मतापासून माघार घेतली. 1932 मध्ये मनोविश्लेषक फेरेन्झीने विषय पुन्हा काढला तेव्हा त्याच्याच सहकाऱ्यांना तो रुचला नाही. एकीकडे आठवणीला नको इतकं महत्त्व, दुसरीकडे तिच्याकडे सरळ पाठ, असा लंबक तेव्हापासून हलतोच आहे. नवीन माणूस बहुधा पहिल्या टोकाला जाऊन बसतो.

फ्रॉइडच्याच काळात फ्रान्समध्ये पिअर जाने टप्प्याटप्प्याने उपचार करत होता: आधी माणूस स्थिर करायचा, मग आठवणींकडे जायचं, मग रोजच्या जगण्यात परत आणायचं. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये हीच चौकट नव्याने मांडली: सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, मग पुन्हा नातं जोडणं. हे तीन टप्पे तुम्ही परीक्षेत लिहालच. परीक्षेत कुणी विचारत नाही ती गोष्ट अशी की माझ्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ पहिल्याच टप्प्यात जातो आणि तो बाहेरून अत्यंत कंटाळवाणा दिसतो. झोप किती लागते? दारू किती? स्वतःला इजा करावीशी वाटते तेव्हा आधी शरीरात काय होतं? रविवारची दुपार कशी जाते? महिनोन्‌महिने हेच.

मानसोपचारतज्ज्ञ डॅन सीगल यांची 'विंडो ऑफ टॉलरन्स' ही कल्पना इथे रोज उपयोगी पडते. भावना झेपेल अशी एक पट्टी असते. तिच्या वर गेलं की धडधड, घाम, पळून जावंसं वाटणं. खाली गेलं की बधिरपणा, शून्यात नजर, सपाट आवाज. माझ्या त्या पहिल्या क्लायंट खालच्या बाजूला घसरल्या होत्या आणि मी त्याला धीटपणा समजले. वर गेलेला माणूस कुणालाही दिसतो. खाली गेलेला ओळखायला शिका. पापण्यांची उघडझाप मंदावते, उत्तर यायला एक क्षण जास्त लागतो, हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखे पडून राहतात. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. "आत्ता या खोलीत काय काय दिसतंय?" एवढंच म्हणायचं, आणि थांबायचं.

मग 'खोल' काम म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. आठवणी उकरणं नाही, तर नेमकं काय?

एक क्लायंट होत्या. रडून झालं की वापरलेल्या टिश्यूची त्या बारीक घडी घालायच्या, चौकोनावर चौकोन, बोटाच्या पेराएवढी होईपर्यंत, आणि जाताना ती पर्समध्ये टाकून घेऊन जायच्या. कचऱ्याची टोपली खुर्चीला लागूनच होती. बरेच आठवडे मी ते पाहत होते आणि काही बोलत नव्हते. कारण "तुम्ही टिश्यू घरी का नेता?" असं विचारलं असतं तर त्यांनी माफी मागितली असती आणि दुसऱ्या दिवसापासून रडणंच बंद केलं असतं. लहानपणी त्यांच्या घरात त्यांचा पसारा, त्यांचा आवाज, त्यांचं आजारपण, काहीच खपत नसे. त्यांना हे आठवत होतं. विसरलेलं, गाडलेलं असं काही नव्हतंच. पण आठवत असूनही ते त्या अजून जगत होत्या, माझ्यासमोर, दर मंगळवारी.

खोलात जाणं म्हणतात ते हे. भूतकाळ गोष्टीतून येतो त्यापेक्षा वागण्यातून जास्त येतो, आणि तो तुमच्याशी असलेल्या नात्यात येतो. ट्रान्सफरन्स (जुन्या नात्यांतल्या भावना थेरपिस्टवर येणं) हा शब्द तुम्ही व्याख्येसकट पाठ केला असेल. प्रत्यक्षात तो असा टिश्यूच्या घडीतून भेटतो.

याच बाईंच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली. एकदा मी सात मिनिटं उशिरा पोचले. त्या हसून म्हणाल्या, "काही हरकत नाही." मीही हुश्श केलं आणि सेशन सुरू केलं. सुपरव्हिजनमध्ये नोंदी वाचताना सुपरवायझरबाईंनी मला थांबवलं. "हरकत नाही असं त्या आजवर किती वेळा म्हणाल्या?" मोजायला बसले तर जवळजवळ दर भेटीत एकदा. पुढच्या वेळी मी विषय काढला: मागच्या मंगळवारी तुम्हाला बाहेर थांबावं लागलं, ती चूक माझी होती, आणि मी ती हसण्यावारी नेली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुम्ही मला टाळताय. मीच मागच्या वेळी जास्त बोलले होते."

बघा, सात मिनिटांचा दोष त्यांनी क्षणात स्वतःवर घेतला होता. स्कॉटिश मनोविश्लेषक फेअरबेअर्न यांनी 1943 मध्ये याचं कारण फार नेमकं सांगितलं आहे. ज्याच्यावर जगणं अवलंबून आहे तो माणूसच वाईट आहे हे मुलाला परवडत नाही. त्यापेक्षा 'मीच वाईट' हे सोसतं, कारण मग निदान सुधारायला वाव उरतो. म्हणून "त्यात तुमची काही चूक नव्हती" हे वाक्य पहिल्याच महिन्यात बोलायची घाई करू नका. ते खरंच असतं, पण ऐकणाऱ्याचा शेवटचा आधार काढून घेतल्यासारखंही होतं. काही जण ते ऐकून यायचे बंद होतात, आणि आपल्याला कळतही नाही आपलं काय चुकलं.

चुका होणारच. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि तान्ह्या बाळाच्या व्यवहाराचं बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा चांगल्या, निरोगी जोड्यांमध्येही सूर साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेला असतो असं दिसलं. बाकी वेळ निसटतो आणि पुन्हा सापडतो. ज्यांच्या बालपणात निसटलेला सूर कुणी परत जुळवलाच नाही, त्यांच्यासाठी थेरपिस्टने उशीर मान्य करणं हा किरकोळ शिष्टाचार राहत नाही. माझ्या मते एरवीच्या दहा अचूक अर्थविवरणांपेक्षा त्या एका मंगळवारी जास्त काम झालं.

आता तुमच्याबद्दल. एका क्लायंटच्या सेशनमध्ये मला हटकून झोप यायची. सकाळी दहाला, पुरती झोप झालेली असताना. आधी मी वेळ बदलून पाहिली. शेवटी लाजत सुपरव्हिजनमध्ये सांगितलं. मनोविश्लेषक पाउला हायमान यांनी 1950 मध्येच म्हटलं होतं की थेरपिस्टच्या मनात उमटणारी भावना हा अडथळाच असेल असं नाही, ती क्लायंटचं मन समजून घेण्याचं साधनही असू शकते. तेव्हा प्रश्न असा झाला: ही झोप कुणाची? थोडी त्यांची होती, कारण त्यांच्या लहानपणी जिवंतपणा दाखवणं धोक्याचं होतं. आणि थोडी माझीही होती. आमच्या घरात भांडण सुरू झालं की मी झोपून जायचे, हे मला स्वतःच्या थेरपीत, चाळिशीच्या उंबरठ्यावर सापडलं. स्वतःची थेरपी कोर्सच्या अटीपुरती करू नका. तासांचा रकाना भरतो, पण आपल्या कुठल्या जागी बोट ठेवलं की आपण पळतो हे कळत नाही.

इंटिग्रेटिव्ह (वेगवेगळ्या पद्धती एकत्र वापरणारा) या शब्दावरही थोडं बोलायला हवं, कारण त्याच्या नावाखाली बराच गोंधळ चालतो. ईएमडीआरचा (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणी हाताळण्याची पद्धत) एक वीकेंड, इंटर्नल फॅमिली सिस्टिम्सचा (मनातल्या वेगवेगळ्या भागांशी बोलण्याची पद्धत) दुसरा, शरीराधारित पद्धतीचा तिसरा, भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग. ही साधनं वाईट आहेत असं मुळीच नाही. फ्रॅन्सिन शपिरो यांनी 1989 मध्ये मांडलेल्या ईएमडीआरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) केलेली आहे आणि मीही ती पद्धत वापरते. पण कधी वापरायची, कुणासाठी अजून नाही, आणि आज मी ती काढते आहे ती क्लायंटच्या गरजेपोटी की मला त्याचं रडणं बघवत नाही म्हणून, हे ती पद्धत सांगत नाही. त्यासाठी एक घर लागतं. कुठल्या तरी एका विचारात पाच-सात वर्षं नीट राहा, मग शेजाऱ्यांकडून उसनं आणा. माझं घर मनोविश्लेषणाचं, त्यातही नात्यावर भर देणाऱ्या बाजूचं. तुमचं दुसरं असू शकेल.

आठवणींबद्दल मात्र एक गोष्ट कडकपणे पाळा. "माझ्याबरोबर लहानपणी तसं काही झालं असेल का?" असा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचं 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर तुमच्याकडे नाही. स्मृतीच्या अभ्यासक एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात लहानपणी दुकानात हरवल्याची खोटी गोष्ट 24 जणांना सांगितली, तर साधारण चौथ्या हिश्श्याने ती पूर्ण किंवा अर्धवट 'आठवली'. दुसरीकडे, खऱ्या अत्याचाराची आठवण वर्षानुवर्षं दूर ठेवलेली माणसंही असतात. तेव्हा सुचवायचं नाही, झटकायचंही नाही. मी एवढंच म्हणते, "तो प्रश्न आज तुमच्या मनात कसा आला, ते पाहूया."

निदान आणि आकड्यांचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (दीर्घकाळच्या आघातांनंतरचा अधिक गुंतागुंतीचा प्रकार) हे वेगळं निदान आहे आणि ती आवृत्ती 2022 पासून लागू झाली. अमेरिकेच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत ते स्वतंत्रपणे नाही. फेलिटी आणि अँडा यांच्या 1998 च्या अभ्यासातून आलेला एस स्कोअर (बालपणीच्या वाईट अनुभवांचे किती प्रकार वाट्याला आले याची मोजणी) समूहाबद्दल बरंच सांगतो, समोरच्या एका माणसाबद्दल फार थोडं. खुद्द अँडा यांनीच 2020 मध्ये तसा इशारा दिला आहे. पहिल्या भेटीत फॉर्म भरून घेऊन "तुमचा सात आला" असं कुणाला सांगू नका. बालपणावर मार्क दिल्यासारखं होतं ते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. एखाद्या मुलाला आजही धोका आहे असं बोलता बोलता कळलं तर कुणाला कळवणं बंधनकारक आहे, हे जिथे काम कराल तिथल्या कायद्यात आधीच पाहून ठेवा आणि गुप्ततेची ती मर्यादा क्लायंटला पहिल्याच भेटीत सांगा. आणि दिवसातली सगळी सेशन्स ट्रॉमाची घेऊ नका. मी एका वर्षी घेतली, आणि वर्षाअखेरीस मला घरच्यांचे साधे प्रश्नही हल्ल्यासारखे वाटायला लागले.

आता कुणी दुसऱ्या सेशनला सगळं सांगायला लागलं की मी थांबवते. "हे सगळं मला ऐकायचं आहे. पण आज एवढ्यावर थांबूया का? आज रात्री घरी तुमच्याजवळ कोण असेल?" बहुतेकांना हायसं वाटतं. गेल्या वर्षी एक तरुण मात्र भडकला. "म्हणजे तुम्हालाही ऐकायचं नाहीच ना," असं म्हणून उठून उभा राहिला, दारापर्यंत गेला. मी म्हटलं, "हे 'तुम्हालाही' कुणामुळे आलं?" तो दाराची मूठ धरून तसाच उभा राहिला. वेळ संपायला बारा मिनिटं होती. मग परत येऊन बसला. पुढचे दोन महिने आम्ही बहुतेक त्या एका शब्दावरच बोलत होतो.