क्लाउडच्या प्रमाणपत्राची तयारी : आधी यंत्र, मग परीक्षा

क्लाउडच्या क्षेत्रात येऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो असा, की कोणते प्रमाणपत्र आधी घ्यावे. माझ्या मते हा प्रश्न थोडा उलट्या टोकाने विचारला जातो. आधी व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवणे, स्वतःच्या हाताने करून पाहावे, मग तीच रचना क्लाउडवर उभी करावी आणि परीक्षेची तारीख त्यानंतर घ्यावी. याचे कारण तांत्रिक आहे. क्लाउडमध्ये ‘सर्व्हर’ म्हणून जे भाड्याने मिळते, ते बहुतेक वेळा हायपरव्हायझरवर (एक यंत्र अनेक आभासी यंत्रांत वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारे एक व्हर्च्युअल मशीनच असते. गुगलच्या कॉम्प्युट इंजिनचा पाया केव्हीएम हा हायपरव्हायझर आहे, ॲमेझॉनच्या नायट्रो व्यवस्थेतला हायपरव्हायझरही केव्हीएमवरच आधारलेला आहे आणि मायक्रोसॉफ्टच्या अझ्युरखाली हायपर-व्हीचे तंत्रज्ञान आहे. यांपैकी केव्हीएम तर २००७ सालापासून लिनक्सच्या कर्नलचाच (गाभ्याचाच) भाग असल्यामुळे तो घरच्या संगणकावर फुकट चालवता येतो.

त्यासाठी नवे यंत्र घेण्याची गरज नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या शहरातल्या एखाद्या जुन्या संगणकांच्या दुकानात कंपन्यांनी काढून टाकलेले डेस्कटॉप मिळतात, त्यांपैकी १६ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला एक पुरेसा होतो. पैसे वाढवायचेच असतील तर ते प्रोसेसरवर न घालवता मेमरीवर घालावेत. एकच प्रोसेसर अनेक मशीनना आळीपाळीने वाटून देता येतो, मेमरी मात्र सर्वांत आधी संपते. इंटेलने व्हीटी-एक्स ही व्हर्च्युअलायझेशनला मदत करणारी प्रोसेसरमधली सोय २००५ मध्ये आणि एएमडीने स्वतःची तशीच सोय २००६ मध्ये आणली, त्यामुळे आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जुन्या यंत्रांतही ती असते, परंतु बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) ती अनेकदा बंद ठेवलेली असते. एएमडीच्या मदरबोर्डवर ती ‘एसव्हीएम मोड’ या नावाने शोधावी. बायोसमध्ये शिरलोच आहोत तर वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोयही तेव्हाच चालू करावी, कारण भारनियमनाच्या गावात तिचे महत्त्व पहिल्याच आठवड्यात कळते.

या यंत्रावर प्रॉक्समॉक्स व्हीई बसवावे. ही डेबियनवर आधारलेली, केव्हीएम आणि एलएक्ससी कंटेनर (यजमान यंत्राचाच कर्नल वापरणारी हलकी आभासी यंत्रे) दोन्ही चालवणारी मुक्त प्रणाली आहे. बसवताना ती निवडलेली संपूर्ण डिस्क पुसते, तेव्हा घरचे फोटो आधी हलवावेत. यंत्र राऊटरला केबलनेच जोडावे. वाय-फायवर ब्रिज (आभासी मशीनना नेटवर्कशी जोडणारा आभासी स्विच) सहसा चालत नाही आणि नवशिक्याचा अर्धा दिवस त्यातच जातो. नंतर दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून त्या यंत्राचा पत्ता आणि ८००६ हा पोर्ट उघडला की नियंत्रण पटल दिसते. वर्गणी घेतली नसेल तर अपडेट करताना ४०१ ही त्रुटी येते. यात काही बिघडलेले नसते. वर्गणीदारांची रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) बंद करून वर्गणीविना वापरायची रिपॉझिटरी चालू केली की काम भागते.

आता पहिला खरा सराव. दोन लिनक्स मशीन तयार करावीत, एकावर वेब सर्व्हर आणि दुसऱ्यावर मारियाडीबी हा डेटाबेस. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमबीआर० हा ब्रिज आधीच असतो आणि तो घरच्या नेटवर्कला जोडलेला असतो. त्याच्या जोडीला व्हीएमबीआर१ हा नवा ब्रिज करावा, पण त्याला कोणतेही प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड जोडू नये. वेब सर्व्हरला दोन्ही ब्रिजवर एकेक कार्ड द्यावे, डेटाबेसला फक्त आतल्या ब्रिजवर. असे केल्यावर लगेच एक अडचण उभी राहते: डेटाबेसच्या मशीनला इंटरनेटच नसल्यामुळे मारियाडीबीचे पॅकेजच उतरवता येत नाही. ही अडचण मुद्दाम येऊ द्यावी. तिच्यावरचा उपाय म्हणजे वेब सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्यासाठीचे पॅकेट पुढे पाठवणे) चालू करणे, आतल्या पत्त्यांसाठी मास्करेडचा नियम (बाहेर जाताना वेब सर्व्हरचाच पत्ता लावणे) घालणे आणि डेटाबेसच्या मशीनचा डिफॉल्ट गेटवे वेब सर्व्हरच्या आतल्या पत्त्याकडे वळवणे. हे तीनही टप्पे पार पडले की नॅट, म्हणजे ही पत्त्यांची अदलाबदल, कशी चालते हे पुन्हा पाठ करावे लागत नाही.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची टिपून ठेवलेली स्थिती, याविषयी एकच सूचना पुरे. प्रयोग करण्याआधी तो जरूर घ्यावा, पण तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो, म्हणून त्याला बॅकअप समजू नये.

व्हीएमवेअर या व्हर्च्युअलायझेशनमधल्या जुन्या कंपनीचे काय, हा प्रश्न येथे येतोच. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी घेतल्यानंतर कायमस्वरूपी परवाने बंद होऊन वर्गणी आली आणि अनेक संस्था पर्याय शोधू लागल्या. तरीही मोठ्या डेटा सेंटरांत तिची व्हीस्फिअर ही सर्व्हरसाठीची प्रणाली अजून भरपूर चालते. तिचे साध्या संगणकावर चालणारे वर्कस्टेशन प्रो आता सर्वांना मोफत आहे, त्यावर ओळख करून घ्यावी, परंतु नोकरीने मागितल्याशिवाय व्हीएमवेअरच्या प्रमाणपत्रावर स्वतःचे पैसे आज घालू नयेत, असे माझे मत आहे.

यानंतर क्लाउडचे खाते उघडावे. उदाहरणासाठी ॲमेझॉनचे एडब्ल्यूएस घेऊ. त्याचे मुंबई रीजन (डेटा सेंटरांचा विभाग) २०१६ मध्ये आणि हैदराबाद रीजन २०२२ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचे ‘सेंट्रल इंडिया’ रीजन तर पुण्यातच आहे. जुलै २०२५ च्या मध्यापासून एडब्ल्यूएसच्या नव्या खात्याला नोंदणीवेळी १०० डॉलर आणि काही ठरावीक कामे केल्यावर आणखी १०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळते. बारा महिने मोफत असे सांगणारे जुने व्हिडिओ त्यामुळे कालबाह्य झाले आहेत. खाते उघडल्यावर पहिल्याच दिवशी रूट (सर्वाधिकार असलेल्या) खात्याला एमएफए (पासवर्डखेरीज आणखी एक ओळख) लावावे, रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता करावा आणि बजेटचा इशारा लावावा. हा इशारा फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही, हे लक्षात असू द्यावे.

घरी केलेली रचना आता तशीच येथे उभी करावी. १०.०.०.०/१६ असा व्हीपीसी (आपले खासगी नेटवर्क), त्यात /२४ चे दोन सबनेट (त्याचे उपभाग), एक सार्वजनिक आणि एक खासगी. /२४ मध्ये २५६ पत्ते असले तरी वापरायला २५१ मिळतात, कारण प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते एडब्ल्यूएस स्वतःकडे राखून ठेवते. खासगी सबनेटमधल्या डेटाबेसला इंटरनेट द्यायची वेळ आली की बहुतेक मार्गदर्शक नॅट गेटवे (नॅटचे काम करणारी एडब्ल्यूएसची तयार सेवा) सुचवतात. तो उत्तमच आहे, पण अमेरिकेतल्या रीजनमध्ये ताशी ०.०४५ डॉलर दराने तो नुसता पडून राहिला तरी महिन्याला ३२ डॉलरच्या पुढे जातो. सरावासाठी वेब सर्व्हरलाच घरच्यासारखे नॅटचे काम द्यावे. येथे मात्र एक गोष्ट अधिक करावी लागते: त्या इन्स्टन्सची (क्लाउडवरच्या व्हर्च्युअल मशीनची) सोर्स-डेस्टिनेशन तपासणी बंद करावी लागते, एरवी दुसऱ्यासाठी आलेले पॅकेट एडब्ल्यूएस पुढे जाऊ देत नाही.

संकेतस्थळ उघडले नाही तर घाबरून सगळे पुसू नये, ब्राउझर काय म्हणतो ते पाहावे. बराच वेळ वाट पाहून ‘टाइम आउट’ आला तर पॅकेट बहुधा यंत्रापर्यंत पोहोचलेलेच नसते. मग राऊट टेबलात इंटरनेट गेटवेचा मार्ग आहे का, सार्वजनिक पत्ता दिला आहे का, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनच्या फायरवॉलमध्ये) तो पोर्ट उघडा आहे का आणि शेवटी नेटवर्क एसीएल (सबनेटची फायरवॉल), या क्रमाने तपासावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे लगेच उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे आणि त्या पोर्टवर सेवाच चालू नाही, म्हणजे यंत्रात शिरून सेवेची स्थिती पाहावी. मुलाखतीत हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारला जातो आणि नुसती प्रश्नपत्रिका पाठ केलेला उमेदवार तेथेच अडखळतो.

सराव संपल्यावर इन्स्टन्स नुसती थांबवून भागत नाही. तिची ईबीएस डिस्क आणि राखून ठेवलेला सार्वजनिक आयपी यांचे पैसे लागतच राहतात. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर पडतात. सगळी रचना टेराफॉर्ममध्ये (लिहिलेल्या मजकुरावरून रचना उभारणाऱ्या साधनात) लिहून ठेवली तर एका आज्ञेत ती पाडता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभारता येते.

आता परीक्षा. लिनक्सचा पाया पक्का करायचा असेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए (रेड हॅट सर्टिफाइड सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर) मला सर्वांत प्रामाणिक परीक्षा वाटते, कारण तिच्यात पर्याय निवडायचे नसून प्रत्यक्ष यंत्रावर कामे करायची असतात, ३०० पैकी २१० गुण लागतात आणि रिबूटनंतर जे टिकत नाही त्याचे गुण मिळत नाहीत. क्लाउडसाठी एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही परीक्षा द्यावी: ६५ प्रश्न, १३० मिनिटे, १५० डॉलर शुल्क आणि १००० पैकी ७२० ला उत्तीर्ण. त्याखालची क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरची आहे. विक्री किंवा व्यवस्थापनातल्या व्यक्तीला ती पुरते, वरचा सराव केलेल्याने ती वगळली तरी चालते. मात्र एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढच्या परीक्षेच्या शुल्कात ५० टक्के सूट मिळते, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक सवलत ठाऊक नसते. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या उमेदवारांना एडब्ल्यूएस ३० मिनिटे जादा देते, परंतु ती परीक्षेची वेळ ठरवण्याआधी आपल्या प्रमाणपत्र खात्यातून मागून घ्यावी लागते. प्रश्न लांबलचक परिच्छेदासारखे असल्यामुळे हा अर्धा तास खरोखर उपयोगी पडतो. प्रश्नाचे शेवटचे वाक्य आधी वाचावे; तेथे सर्वांत कमी खर्च मागितला आहे की देखभालीचा सर्वांत कमी व्याप, यावरून दोन बरोबर वाटणाऱ्या पर्यायांतला एक गळतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

नावाकडेही नीट पाहावे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असते आणि काही कागदांवर वडिलांचे नाव मध्ये येते. ज्या ओळखपत्रावर परीक्षा द्यायची, त्यावरचेच नाव अक्षरशः खात्यात असावे. घरून परीक्षा देताना खोलीत कोणी डोकावले तरी ती रद्द होऊ शकते. एकत्र कुटुंबात राहणाऱ्याने सरळ केंद्रावर जावे. अनुत्तीर्ण झाल्यास १४ दिवस थांबून पूर्ण शुल्क पुन्हा भरावे लागते. फुटलेल्या प्रश्नांचे संच विकत घेऊ नयेत, कारण ते उघडकीस आले तर मिळालेले प्रमाणपत्रही काढून घेतले जाते.

एडब्ल्यूएसचे आणि आरएचसीएसएचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. अझ्युरचे ॲडमिनिस्ट्रेटर प्रमाणपत्र एकच वर्ष चालते, पण मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत ते घरबसल्या ऑनलाइन चाचणी देऊन मोफत वाढवता येते. ती मुदत टळली तर मूळ परीक्षा शुल्क भरून पुन्हा द्यावी लागते, म्हणून प्रमाणपत्र हाती येईल त्याच दिवशी कॅलेंडरात नूतनीकरणाची नोंद करून ठेवावी.