क्रँक आधी मोजा, शेलचा डबा मग उघडा

जून उजाडला की माझ्या फोंड्याच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा राहत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मालीम आणि कुटबणच्या ट्रॉलरांची इंजिनं याच दोन महिन्यांत उघडायची असतात. अशाच गर्दीत गेल्या पावसाळ्यात साखळीचा एक मुलगा आपल्या जिप्सीचं इंजिन पिकअपमध्ये घालून आला. सोळा व्हॉल्व्हचं १३०० सीसी, कॅम बदललेला, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं. म्हणाला, "काका, साडेसात हजारांवर फिरवायचंय. शेलचा नवा सेट आणलाय, बसवून द्या." शेल म्हणजे बेअरिंगच्या पातळ अर्ध्या वाट्या, ज्यांत क्रँक, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा दांडा, फिरतो. मी डबा घेतला, कपाटात ठेवला आणि अकरा दिवस उघडला नाही. त्या अकरा दिवसांत काय केलं ते इथे लिहितो. असं इंजिन बांधायला निघालेले आणखी पुष्कळ जण असतील, आणि डब्यातून क्लिअरन्स, म्हणजे क्रँक आणि शेलमधली तेलाची बारीक फट, येत नाही, ते आपल्याला बनवावं लागतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी भार कुठून येतो ते बघा. टर्बो लावून ताकद काढली तर पिस्टनला खाली ढकलणारा दाब वाढतो. तो रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) वरच्या शेलवर आणि मेनच्या (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) खालच्या शेलवर पडतो. फेरे वाढवून ताकद काढली तर गोष्ट वेगळी. पिस्टन आणि रॉड वर जाऊन उलटे फिरताना जो हिसका देतात तो रॉडची टोपी आणि तिचे बोल्ट झेलतात, आणि हा हिसका फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला ६००० चे ७५०० केले तर फेरे सव्वापट होतात, हिसका दीडपटीच्या वर जातो. त्या मुलाचं इंजिन दुसऱ्या प्रकारचं. त्याला दाबापेक्षा हिसक्याची भीती जास्त.

त्याच्या डोक्यात कुणीतरी लाँग स्ट्रोक क्रँक भरवला होता. मी कागद घेऊन मांडून दाखवलं. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, ७५.५ मिमी. म्हणून पिन, म्हणजे क्रँकवर रॉड बसतो तो भाग, मध्यापासून ३७.७५ मिमी लांब. मेन जर्नल, म्हणजे क्रँकचा मेनमध्ये फिरणारा गोल भाग, ४५ मिमी व्यासाचा, पिन ४२ मिमी. दोघांच्या त्रिज्यांची बेरीज ४३.५. त्यातून ३७.७५ गेले की उरतात ५.७५ मिमी. बाजूने पाहिलं तर मेन आणि पिन एवढेच एकमेकांवर चढलेले दिसतात. याला ओव्हरलॅप म्हणतात आणि क्रँकची पिळ सोसायची ताकद बरीचशी इथे असते. स्ट्रोक ४ मिमीने वाढवला तर ओव्हरलॅपमधून २ मिमी जातात, शिवाय पिस्टनचा वेग वाढतो. मूळ स्ट्रोकवरच ७५०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर होतो. फेरे हवे असतील तर मूळ स्ट्रोक राखा. खालून ओढ हवी असेल, डोंगरात हळू चढायचं असेल, तर स्ट्रोक वाढवण्यात अर्थ आहे. दोन्ही एका क्रँकमध्ये मागू नका.

मग कोणता क्रँक घ्यायचा? माझी पहिली पसंती कधीही न घासलेला, कंपनीच्या मूळ मापाचा जुना क्रँक. एकदा घासलेला, म्हणजे ०.२५ मिमी उतरवलेला, चालतो. त्यापुढचा मी जोरदार इंजिनात घालत नाही. मेन आणि पिन दोन्ही ०.२५ ने उतरले की ओव्हरलॅपही तेवढाच कमी होतो. हा तोटा लहान आहे. मोठा तोटा कातडीचा. नायट्रायडिंग केलेल्या (उष्णतेत नायट्रोजन मुरवून कडक केलेल्या) क्रँकची कडक कातडी पातळ असते, ग्राइंडिंगमध्ये तिचा कामाचा भाग निघून जातो, आणि मग पुन्हा नायट्रायडिंग करून पुन्हा सरळपणा तपासावा लागतो, कारण त्या उष्णतेत क्रँक वाकू शकतो. इंडक्शनने, म्हणजे विजेने तापवून, कडक केलेल्या क्रँकची कातडी खोल असते, तो एक-दोन घासण्या सोसतो. ट्रकचे बरेच क्रँक असे असतात, म्हणून ट्रकवाल्यांची सवय जिप्सीला लावू नये.

ओतीव की घडीव हे ओळखायला वेबच्या, म्हणजे मेन आणि पिन जोडणाऱ्या भागाच्या, कडेवरची जोडाची रेघ बघा. बारीक, धारदार रेघ असेल तर ओतीव. बोटभर रुंद, घासून काढलेला पट्टा असेल तर घडीव. लटकवून हलका टोला द्या, घडीव घंटेसारखा वाजत राहतो, ओतीव लवकर गप्प होतो. पण वाजला म्हणून भेग नाही असं मात्र समजू नका. भेगेसाठी मी आधी रॉकेलची परीक्षा करतो. क्रँक रॉकेलमध्ये रात्रभर, मग कोरडा पुसायचा आणि खडूची पूड चोळायची. भेग असेल तिथे तासाभरात ओलसर केसासारखी रेघ उमटते. यातून सुटलेला क्रँक चोर्ला घाटातून बेळगावला चुंबकीय तपासणीसाठी जातो. एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांना मी फिलेटची गोष्ट सांगतो.

खाणी चालू होत्या तेव्हाची, म्हणजे २०१२ च्या आधीची गोष्ट. पाळी भागातून आमोण्याच्या जेटीवर खनिज ओढणाऱ्या एका ट्रकचं इंजिन मी बांधलं होतं. क्रँक बाहेर घासायला दिला होता. मापं सगळी बरोबर आली, तीन तीन वेळा मोजली. पण जर्नल जिथे वेबला मिळतो तिथली गोलाई, तो फिलेट, घासणाऱ्याने काटकोनात नेला होता आणि मी तिथे रेडियस गेज लावला नव्हता. दोन महिन्यांत शेवटच्या पिनजवळ क्रँक दुभंगला. तुटलेला चेहरा मी अजून फळीवर ठेवला आहे. समुद्राच्या लाटांनी वाळूवर ओळी काढाव्यात तशा त्यावर एकाआड एक रेघा आहेत, आणि सगळ्या त्या कोपऱ्यातून निघालेल्या. आता क्रँक घासायला देताना मी फिलेटचं माप चिठ्ठीवर लिहून देतो आणि परत आला की सर्वात आधी तेच बघतो. फिलेट फार मोठा ठेवला तरी वाईट, कारण शेलची कड त्यावर चढते. फिलेटला निळा रंग चोळून शेल बसवा, क्रँक फिरवा, शेलच्या कडेला निळं लागलं तर समजा, कड चढते आहे.

पॉलिशबद्दल थोडक्यात सांगतो. ग्राइंडिंग फिरण्याच्या उलट दिशेने, शेवटचं पॉलिश फिरण्याच्या दिशेने. ओतीव क्रँकला हे फारच महत्त्वाचं, नाहीतर पृष्ठभागावर उभे राहिलेले सूक्ष्म काटे शेलला खरवडतात. तेलाच्या भोकांच्या कडा गोल करून घ्या, आतले प्लग काढा आणि ब्रश घालून नळ्या धुवा. ग्राइंडिंगची पूड तिथेच लपते.

आता मोजमाप. आपल्याकडे हे काम बिघडतं ते हवेमुळे. ४५ मिमीचा पोलादी जर्नल १० अंश तापला की पाच मायक्रॉन फुगतो, आणि आपण भांडतो तेही पाच-दहा मायक्रॉनसाठीच. दुपारी दारात उन्हात पडलेला क्रँक आणि कपाटातला गार मायक्रोमीटर जुळणारच नाहीत. मी क्रँक, ब्लॉक, रॉड, मायक्रोमीटर, बोर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं यंत्र) सगळं एकाच टेबलावर पंख्याखाली रात्रभर ठेवतो आणि सकाळी सातला, पत्रा तापायच्या आत मोजतो. जर्नलवर ऑइलचा हात हवाच. जूनमध्ये उघडा जर्नल एका रात्रीत तांबूस होतो, आणि किनाऱ्याजवळ खारा वारा असेल तर एक रात्रही लागत नाही.

प्रत्येक जर्नल दोन जागी, दोन दिशांनी मोजा. गोलाईत १० मायक्रॉनपेक्षा जास्त फरक असेल तर तो क्रँक असाच बसवू नका. मग मेन कॅप शेलशिवाय पूर्ण टॉर्कने आवळा आणि शेल बसतात ते रिकामं घर गोल आहे का बघा. रॉडला नवे, जास्त ताकदीचे बोल्ट घातले असतील तर आवळल्यावर घराचा आकार बदलतो, म्हणून रॉडचं मोठं तोंड नव्या बोल्टसकट पुन्हा साइझ, म्हणजे मापाला गोल, करून घ्यावंच लागतं. त्या मुलाचे चारही रॉड मी असेच साइझ करायला पाठवले होते. चार दिवस त्यातच गेले.

यानंतर डबा उघडला. शेल घरात कोरडे बसवायचे, पाठीमागे तेलाचा थेंब नको, आणि टोकं कधीही घासायची नाहीत. दोन शेल मिळून घरापेक्षा किंचित लांब असतात आणि आवळल्यावर तो दाबच त्यांना धरून ठेवतो. जीभ फक्त जागेवर बसवण्यापुरती असते. कॅप आवळा, मायक्रोमीटर त्याच जर्नलच्या मापावर लॉक करा, त्याच्यात बोर गेज शून्य करा आणि गेज शेलमध्ये घाला. काटा जेवढा फिरेल तेवढं क्लिअरन्स. मायक्रोमीटरची स्वतःची चूक यात आपोआप वजा होते. माप जोडाच्या रेषेला काटकोनात घ्या. शेल जोडाजवळ मुद्दाम पातळ केलेले असतात, तिथे घेतलेलं माप फसवतं. प्लास्टिगेज, म्हणजे दाबल्यावर पसरून फट दाखवणारी प्लास्टिकची बारीक दोरी, मी शेवटच्या पडताळणीपुरता वापरतो.

किती ठेवायचं? माझा आधार जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग. ४२ मिमीच्या पिनला ०.०४२ मिमी, ही सुरुवात. जास्त फेऱ्यांच्या इंजिनात रॉडला मी ०.०४५ ते ०.०५० देतो, कारण हिसक्यात रॉडचं तोंड थोडं अंडाकृती होतं आणि बाजूंना जागा लागते. मेनला मात्र हात आखडता घेतो, ०.०३५ ते ०.०४०. या इंजिनाचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे. तापला की तो पोलादी क्रँकपेक्षा जास्त पसरतो आणि मेनचं क्लिअरन्स गरम इंजिनात आणखी उघडतं. ओतीव लोखंडी ब्लॉकच्या डिझेलला हा हिशेब लागू नाही.

"थोडं सैल ठेवा काका, फिरायला मोकळं राहील," हे मी नेहमी ऐकतो. तेलाची गळती क्लिअरन्सच्या घनाने वाढते. ०.०४० चं ०.०५० केलं की त्या बेअरिंगमधून जवळजवळ दुप्पट तेल निसटतं. पाचही मेन असे केले तर शेवटच्या रॉडपर्यंत दाब पोचणार कुठून? म्हणून क्लिअरन्स आणि तेल ही एकाच वेळी ठरवायची गोष्ट. ०.०४५ च्या आसपास १०डब्ल्यू-४० तेल पुरतं. त्याहून सैल बांधलं तर जाड तेल आणि मोठा पंप आला. दर हजार फेऱ्यांना गरम तेलावर १० पीएसआय दाब, हा जुना अंदाज मला अजून उपयोगी पडतो.

माप बसलं नाही तर? त्या मुलाच्या दोन नंबरच्या मेनला ०.०२९ आलं. मेनचे शेल रंगाच्या खुणांनी वेगवेगळ्या जाडीत मिळतात, म्हणून पातळ रंगाचे घेऊन ते ०.०३५ वर आणलं. वरचा आणि खालचा शेल एका पायरीने वेगळे असले तरी हरकत नाही, दोन पायऱ्या नकोत. जर्नलला एमरी मारून जागा करणारे पाहिले आहेत. तसं केलेला जर्नल ढोलासारखा होतो आणि शेल मधोमध खाल्ला जातो.

जुने शेल फेकू नका, क्रमाने मांडा. एका कडेला झीज म्हणजे जर्नल निमुळता. वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची उलटी कड म्हणजे रॉड वाकलेला. सर्वत्र बारीक ओरखडे म्हणजे घाण. रॉडच्या टोपीचाच शेल जास्त खाल्लेला असेल तर इंजिन फार फिरवलं गेलं आहे. मुलाचे चारही टोपीचे शेल तसे होते. त्याने काही सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नाही. फक्त फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटसकट क्रँकचं बॅलन्सिंग करायला पाठवलं.

चालू करताना स्पार्क प्लग काढून, इंधन तोडून, दाबाचा काटा हलेपर्यंत स्टार्टरने फिरवा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत. मग प्लग लावा. पहिले काही किलोमीटर हलक्या भारावर गाडी चालवा आणि तेल लवकर बदला. काढलेला फिल्टर कापून कागद उन्हात पसरा. साखळीच्या इंजिनाचा कागद मी ३०० किलोमीटरला कापला होता. पिस्टन रिंगांची राखाडी पूड होती, शेल खाल्ला जात असल्याची खूण असलेला तांब्याचा चकाकणारा कण एकही नव्हता. दुसरा फिल्टर त्याने स्वतः कापला आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मला दाखवायला फोंड्याला घेऊन आला.